पुढील सूचना येईपर्यंत उपाशी

हं, घ्या, भजी गरम आहेत तोवर खाऊन घ्या. तुमचे हात बशीत आणि तोंडं भरलेली असताना मी एक कबुली देऊन टाकतो, म्हणजे लगेच कोणाला बोलता येणार नाही!

मागे तुम्ही विचारलं होतंत ना, की डॉक्टर, तुम्ही वॉर्डात शिरलात की नाडी बघायच्या आधी प्रत्येक पेशंटला "जेवलात का?" असं का विचारता? मी तेव्हा म्हटलं होतं, "आपुलकी हो, दुसरं काय!"

धादांत खोटं. आपुलकी नाही, लाज आहे ती. अजून पचलेली नाही.

आणि मधे "असं कसं झालं हो?" म्हणून विचारू नका. कसं झालं ते आमच्या सगळ्या हॉस्पिटलला ठाऊक आहे. त्याचा तीन पानी छापील कागद आहे. हॉस्पिटल नाशकातलंच, पण नाव सांगत नाही. मला अजून तिथंच नोकरी करायची आहे.

तर आमच्या वॉर्डात पगारे सिस्टर आहेत. अठ्ठावीस वर्षं झाली त्यांना. पूर्वी राउंड कसा व्हायचा? मी खाटेशी उभा राहून बोलणार आणि त्या फाइलीत लिहिणार. मी म्हणायचो, "यांना उद्या सोडा." त्या खालच्या आवाजात म्हणायच्या, "सर, रात्री ताप होता." मग मी म्हणायचो, "हां, म्हणजे परवा." त्या ‘परवा’ लिहायच्या आणि खाली सही माझी! अशी वर्षानुवर्षं गेली, आणि माझी पक्की समजूत झाली की हे सगळं मीच करतोय.

मग आला कॉम्प्युटर. औषध, तपासणी, जेवण, जे काही पेशंटला द्यायचं ते डॉक्टरनं स्वतः कॉम्प्युटरवर टाकायचं. तिथून ते आपोआप औषधाच्या दुकानात, लॅबमध्ये, स्वयंपाकघरात जाणार. कागद नाही, गिचमिड अक्षर नाही. या कामाच्या समितीचा प्रमुख कोण? मी! मला कॉम्प्युटर येतो म्हणून नव्हे हो, मीटिंगमध्ये मी सगळ्यांत मोठ्यानं बोलतो म्हणून.

पहिल्याच आठवड्यात मी एक पाटी करून घेतली. लॅमिनेशन केलेली, लाल अक्षरांत: ‘तोंडी सूचना बंद. जे असेल ते कॉम्प्युटरवर.’ ती वॉर्डाच्या भिंतीवर स्वतःच्या हातानं चिकटवली. पगारे सिस्टर म्हणाल्या, "सर, अडलं-नडलं तर विचारायचं नाही का?"

मी म्हटलं, "विचारा की! कॉम्प्युटरवर विचारा. तुमचा प्रश्न माझ्याकडे येईल, खाली ‘होय’ आणि ‘नाही’ अशी दोन बटणं असतील. मी एक दाबीन. विषय संपला!"

सोय उत्तम होती, त्यात वाद नाही. फक्त कॉम्प्युटरवरच्या त्याच निरोपांच्या डब्यात मला पार्किंगची सूचना, कॅन्टीनचा मेनू, कोणाच्या तरी निरोप समारंभाचं निमंत्रण, असं सगळंच यायचं. म्हणून मी तो डबा उघडणंच सोडून दिलं होतं. हे मी समितीला सांगितलं नव्हतं.

दुसरी गोष्ट म्हणजे इशारे. काहीही ऑर्डर टाकली की पडद्यावर पिवळी चौकट यायची. ‘रुग्णाचे वय साठच्या वर आहे. पुढे जायचे?’ होय. ‘हे औषध कालही दिले होते. पुढे जायचे?’ होय. अहो, दिवसाकाठी शंभरदा! शेवटी चौकट दिसायच्या आधीच बोट ‘होय’वर जाऊन बसायचं.

एका सोमवारी संध्याकाळी घोटीकडचे निवृत्तीबाबा भरती झाले. भाताची शेती, काटक माणूस, सत्तरीचे. पोटात दुखत होतं. बरोबर त्यांची बायको, भीमाबाई. मी म्हटलं, उद्या सकाळी सोनोग्राफी करू. त्यासाठी पोट रिकामं लागतं, म्हणून कॉम्प्युटरवर टाकलं, ‘उपाशी ठेवावे’. त्यानं विचारलं, कधीपर्यंत? खाली पाच-सहा पर्याय होते. मी पहिला दाबला. ‘पुढील सूचना येईपर्यंत.’

बाबांच्या मनगटाला लाल पट्टी बांधली गेली. स्वयंपाकघरात त्यांच्या खाटेसमोर लाल फुली पडली. सलाईन लागलं. सगळं कसं झटपट!

मंगळवारी सकाळी सोनोग्राफी झाली. एक बारीकसा खडा होता, घाईचं काही नव्हतं. आता पूर्वीचे दिवस असते तर काय झालं असतं? बाबा खाटेवर परत आल्याबरोबर पगारे सिस्टरनी त्यांच्या हातात चहा-बिस्किट दिलं असतं आणि मला जाता जाता सांगितलं असतं, "सर, नऊ नंबरला चहा दिलाय हं." मी म्हटलं असतं, "बरं." झालं! पण आता मी पुढील सूचना दिल्याशिवाय कोणाला काही करता येत नव्हतं. आणि पुढील सूचना द्यायची असते, हे मी साफ विसरलो होतो.

दुपारी मी राउंडला आलो. राउंड म्हणजे काय, चाकांच्या टेबलावर कॉम्प्युटर ठेवलेला, तो ढकलत चालायचं. पेशंट उजवीकडे आणि मी पडद्याकडे तोंड करून. पगारे सिस्टर शेजारी येऊन म्हणाल्या, "सर, नऊ नंबरच्या बाबांचं..."

मी नुसतं पाटीकडे बोट दाखवलं.

"सर, एवढंच विचारायचं होतं की..."

"सिस्टर, नियम म्हणजे नियम. कॉम्प्युटरवर टाका."

त्यांनी टाकलं. मी उघडलं नाही.

त्याच संध्याकाळी मी पुन्हा आलो तेव्हा बाबा स्वतःच बोलले. "डाक्टर, ते भुकेचं जरा बघा ना."

बघा, माणसानं किती स्पष्ट सांगावं? पण माझी पाठ त्यांच्याकडे होती. मी तक्रारींच्या यादीत ‘भूक’ शोधलं. आता हॉस्पिटलच्या कॉम्प्युटरमध्ये भुकेची कोणती तक्रार असणार? एकच होती, ‘भूक न लागणे’. दाबली. त्यानं लगेच सुचवलं, भूक वाढवणारं सिरप, दोन चमचे, दिवसातून तीनदा, जेवणाआधी अर्धा तास. मी दाबलं. पिवळी चौकट आली. बोट तयारच होतं. होय!

"देतो हं बाबा औषध," मी पडद्याकडे बघतच म्हटलं. "भुकेचा प्रश्न मिटला म्हणून समजा."

"देव भलं करो," बाबा म्हणाले.

पगारे सिस्टर दुपारीच घरी गेल्या होत्या. संध्याकाळच्या सिस्टर नव्या होत्या. त्यांनी कॉम्प्युटरनं सांगितलं तसं इमानेइतबारे सिरप पाजलं. रात्री एकदा आणि सकाळी एकदा. आदल्या रात्रीपासून पोटात अन्नाचा कण नसलेल्या माणसाला! हसताय? हसा, हसा. मला अजून हसू येत नाही.

बुधवारी सकाळी बाबा उठून बसले आणि त्यांना घेरीच आली. मला निरोप आला. मी धावलो. चेहरा उतरलेला, हात थरथरतायत, रक्तदाब जरा खाली. सलाईन होतं म्हणून तेवढ्यावर निभावलं. पण मी घाबरलो, खोटं कशाला बोलू? काल चांगला असलेला माणूस आज असा का? मी धडाधड रक्ताच्या तपासण्या टाकल्या, ईसीजी टाकला, हृदयाच्या डॉक्टरांना बोलावणं टाकलं. त्यातल्या एका तपासणीला पेशंट उपाशी लागतो. मी पडद्यावर बघितलं तर बाबा उपाशीच! मी मोठ्यानं म्हणालो, "वा! उत्तम! म्हणजे वेळ वाया जाणार नाही."

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं, की ती नजर आठवली तर आजही मान खाली जाते.

भीमाबाई उशाशी उभ्या होत्या. त्यांचाही चेहरा सुकलेला. मला वाटलं, काळजीनं असेल. त्यांना मी धीर दिला, वर दोन शब्द कॉम्प्युटरबद्दल कौतुकाचे ऐकवले. "आता कसं मावशी, सगळं मशीनमध्ये असतं. काही चुकत नाही."

"हां ना," त्या म्हणाल्या आणि कठडा धरून खाली बसल्या.

दुपारी साडेबारा वाजता मी अचानक वॉर्डात आलो. बघतो तर काय! पगारे सिस्टर नऊ नंबरच्या खाटेवर बसल्यात, मांडीवर स्वतःचा डबा, आणि निवृत्तीबाबांना चमच्यानं वरणभात भरवतायत! खाली फरशीवर भीमाबाई, डब्याच्या झाकणात अर्धी भाकरी आणि भाजी. मनगटावरची लाल पट्टी तशीच आणि बाबांचं तोंड चालू!

माझं डोकं सटकलं. भर वॉर्डात ओरडलो. "सिस्टर! कोणाच्या ऑर्डरनं चाललंय हे?"

सगळ्या खाटांवरची डोकी आमच्याकडे वळली.

"सर, बाबांना भूक..."

"पेशंट सीरियस आहे! हृदयाचा प्रश्न असेल, तपासण्या चालू आहेत, आणि तुम्ही त्याला डब्यातलं खायला घालताय? अठ्ठावीस वर्षांत हेच शिकलात?"

"सर, मी तुम्हाला..."

मी पाटीकडे बोट दाखवलं. पुन्हा!

भीमाबाई हातातली भाकरी टाकून उठल्या. "साहेब, ताईला नका बोलू. मीच मागितलं हो. मालक उपाशी, मंग मी कशी खाऊ? दोन दिस झालं. आता उभं ऱ्हावना, म्हनून ताईला म्हनले..."

हे मी ऐकलं, बरं का! म्हणजे शब्द कानावर पडले. आत शिरले नाहीत. रागात माणूस बहिरा होतो. मी तिथंच कॉम्प्युटरवर तक्रार नोंदवली. ‘सिस्टरांनी डॉक्टरांच्या आदेशाविरुद्ध, कोणालाही न कळवता रुग्णास अन्न दिले.’ आमच्याकडे अशी तक्रार आली की चौकशी होईपर्यंत सिस्टरला वॉर्डावरून काढतात. पगारे सिस्टर तर पुढच्या महिन्यात मेट्रन व्हायच्या होत्या. वॉर्डातल्या सगळ्या मुलींनी पेढे खायची तयारी केली होती. मला ते माहीत होतं, आणि तरी मी बटण दाबलं. पिवळी चौकट आली, बोटानं होय केलं.

पगारे सिस्टरनी डबा बंद केला, पदर सारखा केला आणि निघून गेल्या.

गंमत बघा, संध्याकाळी बाबा एकदम तरतरीत! उठून बसलेले, शेजारच्याशी भाताच्या वाणांबद्दल हुज्जत घालतायत. मी खूश! म्हटलं, बघा, वेळीच धावपळ केली म्हणून. आणि मोठ्या मनानं ऑर्डर टाकली, ‘हलका आहार सुरू करावा’.

गुरुवारी अकराला चौकशी होती. मी सकाळी नाश्तासुद्धा केला नाही. राग एवढा, की घास उतरेना. मनात भाषण घोळवत होतो. आमच्या प्रमुख मालपुरे मॅडम टेबलाच्या पलीकडे, पगारे सिस्टर कोपऱ्यात खुर्चीच्या कडेवर बसलेल्या, रडून डोळे सुजलेले. मॅडम म्हणाल्या, "डॉक्टर, हे आपसांत मिटवता नाही का येणार?"

मी? छे! मी उभा राहिलो. "मॅडम, म्हणून तर कॉम्प्युटर आणलाय. त्यात प्रत्येक गोष्टीची नोंद आहे, मिनिटासकट. नऊ नंबरचा सगळा रेकॉर्ड छापून काढा आणि मोठ्यानं वाचा. कोणाची चूक आहे ते कागदच बोलेल!"

कागद निघाला. तीन पानं. मॅडमनी चष्मा लावला आणि वाचायला सुरुवात केली.

"सोमवार, संध्याकाळ. उपाशी ठेवावे, पुढील सूचना येईपर्यंत. डॉक्टर सोनवणे."

सोनवणे म्हणजे मीच.

"मंगळवार, सकाळी दहा. पगारे सिस्टरांचा प्रश्न: सोनोग्राफी झाली. जेवण सुरू करू का? होय, नाही. उत्तर... आलेले नाही."

मी घसा साफ केला.

"मंगळवार, दुपारी बारा. पगारे सिस्टरांचा प्रश्न: बाबा भूक म्हणतात. त्यांची बायकोही जेवत नाही. जेवण सुरू करू का? उत्तर आलेले नाही. मंगळवार, संध्याकाळ. तक्रार: भूक न लागणे. डॉक्टर सोनवणे. औषध..." मॅडम थांबल्या. त्यांनी चष्मा पुसला आणि परत लावला. "औषध, भूक वाढवणारे सिरप. इशारा दाखवला: रुग्ण उपाशी आहे. त्याला भूक वाढवणारे औषध द्यायचे? डॉक्टर सोनवणे. होय."

अहो, कॉम्प्युटरला कळलं होतं! त्या निर्जीव डब्यानं मला विचारलं होतं, की बाबा रे, शुद्धीवर आहेस ना? आणि मी काय म्हटलं? होय!

मला वाटलं, बस झालं आता. पण मीच म्हटलं होतं ना, मोठ्यानं वाचा म्हणून? मॅडम वाचत राहिल्या.

"बुधवार, सकाळी अकरा चाळीस. हृदयाच्या डॉक्टरांचा अभिप्राय: हृदय ठणठणीत. रुग्णास जेवू घालावे. डॉक्टर सोनवणे यांनी वाचलेले नाही. बुधवार, बारा वीस. पगारे सिस्टर: सर, तीनदा फोन केला, उचलला नाहीत. बाबांची सोनोग्राफी झाली आहे, हृदय चांगले आहे, रक्तही तपासायला दिले. आता थांबणे बरे नाही. माझ्या डब्यातला मऊ भात देते आहे. जबाबदारी माझी. डॉक्टर सोनवणे यांनी वाचलेले नाही. बुधवार, बारा चाळीस. तक्रार: कोणालाही न कळवता अन्न दिले. डॉक्टर सोनवणे."

बाईनं माझा नियम अक्षरशः पाळला होता. जे विचारायचं, सांगायचं ते सगळं कॉम्प्युटरवर. तो नियम मोडला कोणी असेल तर तो करणाऱ्यानंच.

मॅडमनी पानं नीट जुळवली. "डॉक्टर, कागद बोलला. आता तुम्ही काही बोलता का?"

मी तक्रार मागे घेतली. मॅडम म्हणाल्या, सिस्टर आत्ता वॉर्डावर जातील आणि पुढच्या महिन्यात मेट्रनही होतील. आणि समितीचा प्रमुख आता कोण राहील, ते त्या नंतर कळवतील. त्यांनी कळवलं. ते मी नव्हतो.

परतीच्या वाटेवर निवृत्तीबाबा भेटले. सुट्टी झाली होती. भीमाबाईंच्या हातात पिशवी. मी हात जोडले, म्हणालो, "बाबा, माझं चुकलं." पण त्यांचं लक्षच नव्हतं. ते माझा हात धरून म्हणाले, "डाक्टर, तुमचं ते भुकेचं औषध लय जालीम हाय! आख्ख्या जल्मात अशी भूक लागली नव्हती मला. अजून येक बाटली लिवून द्या ना!"

भीमाबाई मात्र काही म्हणाल्या नाहीत. त्यांना सगळं कळलं होतं. मी त्यांच्याकडे बघूच शकलो नाही.

वॉर्डात गेलो. पगारे सिस्टर आतल्या खोलीत बसल्या होत्या, समोर न उघडलेला डबा. दीड वाजून गेला होता. मी दारात उभा राहून म्हटलं, "सिस्टर, मी जे वागलो त्याबद्दल मला..."

त्यांनी वर न बघता भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं.

बरोबर आहे! गेलो मुकाट्यानं कॉम्प्युटरशी. नोंदीचा प्रकार विचारला. यादीत तक्रार होती, खुलासा होता, ताकीद होती, माफी नव्हती. ‘इतर’ निवडलं आणि लिहिलं: ‘पगारे सिस्टर, चूक पूर्णपणे माझी. भर वॉर्डात ओरडलो, तेही तुमच्यावर, याची फार लाज वाटते. बाबांना तुम्ही जेवू घातलंत. मी माझी पाटी काढतो आहे.’ पिवळी चौकट आली. ‘ही नोंद कायम राहील. सर्वांना दिसेल. पुढे जायचे?’ कॉम्प्युटर आल्यापासून पहिल्यांदा मी इशारा शेवटपर्यंत वाचला. मग होय दाबलं.

नोंद पोचल्याची घंटी आत त्यांच्या मोबाईलवर वाजली. मग डब्याच्या झाकणाचा आवाज आला, भाकरीचा आणि लसणीच्या चटणीचा वास बाहेर आला. माझ्या पोटात असा खड्डा पडला म्हणता! आदल्या रात्रीपासून काही खाल्लं नव्हतं ना. तेवढ्यात माझ्या पडद्यावर सिस्टरांचा निरोप आला. मला इतकं भरून आलं, की नुसतं ‘सर’ एवढं वाचलं आणि बोटानं सवयीनं खालचं होय दाबून टाकलं.

मग वाचला. ‘सर, तुम्ही सकाळपासून उपाशी दिसता. पुढील सूचना येईपर्यंत तसेच ठेवायचे का?’

मी धावत आत गेलो. पगारे सिस्टर डब्याला झाकण लावत होत्या.

"ऑर्डर तुमचीच आहे, सर," त्या म्हणाल्या.